निगीने काढलेला घरचा फोटो

निगी हे काही तिचं नाव नव्हतं. नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, चांगलं होतं, पण घरात ते कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. ती चारेक वर्षांची असताना मामांनी एकदा फोटोच्या रोलची धुतलेली पट्टी उजेडात धरून पाहिली. पट्टीत दोघी बहिणी होत्या. निगेटिव्हच ते, त्यामुळे गोरी ताई त्यात काळीकुट्ट दिसत होती आणि ही सावळी धाकटी पांढरीफेक. मामांना गंमत सुचली. "अगं बाई, ही तर जन्मतःच निगेटिव्ह आहे! हिचा फोटो करायचा राहूनच गेलाय!"

घर खो खो हसलं. निगेटिव्हचं निगी व्हायला वेळ लागला नाही. नव्या माणसांना ते लाडाचं नाव वाटायचं. "किती गोड, निगी!" असं कुणी म्हटलं की हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि मामा? मामा ती गोष्ट दर खेपेला नव्याने सांगायचे, पहिल्यांदाच सुचल्यासारखी.

त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हसले ते बाबा. बाबा तिच्याच रंगाचे, खरं तर तीच त्यांच्या रंगाची. "एवढ्याशा पोरीला काय आठवणार?" असं आई म्हणायची. पण निगीला बाबांचं हसणं आठवत होतं, त्या वेळी त्यांच्या हातातला चहाचा कप हिंदकळला होता तेही आठवत होतं.

त्या घरातला कुठलाही जुना फोटो काढून बघा. आई आणि ताई अशा स्वच्छ, की भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. त्यांच्या कडेला एक फ्रॉक, फ्रॉकच्या वर एक काळा डाग आणि डागात दातांची ओळ. ती निगी. मागच्या रांगेत एक शर्ट, त्याच्यावर तसाच डाग. ते बाबा. फोटोवाला उजेड मोजायचा तो गोऱ्या चेहऱ्यांवर. ते चेहरे नीट आले की फोटो नीट आला. बाकीच्यांचं काय झालं हे विचारायला कुणाला सवड होती!

पुढे निगी फोटोग्राफर झाली. लोक म्हणत, तिला पहिल्यापासून आवड. आवड कसली डोंबलाची? खुन्नस होती.

सुरुवातीला ती एका स्टुडिओत नोकरीला होती. ओळखपत्राचे फोटो, शाळेचे फोटो, अर्जाचे फोटो. तिथल्या मालकाने कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कायमचं वर चढवून ठेवलं होतं आणि कुणी हलवू नये म्हणून त्या चकतीवर चिकटपट्टी मारली होती. एक्स्पोजर म्हणजे कॅमेऱ्याने उजेड किती आत घ्यायचा त्याचं माप. ते वाढवलं की चित्र उजळतं. मालकाचं म्हणणं, "गिऱ्हाईक गोरं दिसलं की खूश होतं. पट्टीला हात लावायचा नाही." निगी रोज पट्टी सोडवायची, मालक रोज पुन्हा चिकटवायचा. एके दिवशी एक गवंडी फोटो काढायला आला. चांगला तुकतुकीत काळा माणूस, उन्हात तापलेला. फोटोत त्याचा रंग झाला विझलेल्या चुलीतल्या राखेचा. तो फोटो हातात धरून बघतच राहिला. म्हणाला, "हा मी नाही."

"अहो, याच्यापेक्षा चांगले दिसताय की!" मालक म्हणाला आणि स्वतःच हसला.

निगीने ती पट्टी उपटली, मालकाच्या टेबलावर आपटली आणि पर्स उचलून बाहेर पडली. पुढे घड्याळजीच्या दुकानामागची एक खोली तिने भाड्याने घेतली. एक पडदा, दोन दिवे, एक खुर्ची. जागा एवढीशी, की गिऱ्हाईक उठलं की तिला भिंतीला चिकटावं लागे. पण तिथे कुणाचाही चेहरा राखेचा झाला नाही. समोर बसलेल्या माणसाच्या गालावरचा उजेड मोजायचा आणि त्याप्रमाणे सेटिंग लावायचं, ही तिची पद्धत. कुणी म्हणालंच, "मॅडम, जरा उजळ करा ना," की ती विचारायची, "का? घरचे ओळखतील अशी भीती वाटते?" गिऱ्हाईक तुटायचं. तुटलं तर तुटलं. चेहऱ्यावर तिरसटपणा कायमचा मुक्कामाला आला होता, तो तिने कधी हाकललाही नाही.

बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा सगळे आईबाबांच्या घरी जमले. आईचा फोन आला होता, "निगी, येताना तुझा मोठा कॅमेरा घेऊन ये गं. सगळ्यांचा एक छान फोटो काढ. मोठा करून भिंतीवर लावू."

ती सगळी तयारी करून गेली. ट्रायपॉड, जास्तीचा दिवा, दिव्यापुढे धरायचा पांढरा पडदा. कारण तिला ती खोली माहीत होती. एका बाजूला मोठी खिडकी, दुपारचा धो धो उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार. गोरे आणि काळे चेहरे एकाच फोटोत नीट आणायचे तर अंधाराच्या बाजूला दिवा लावावा लागतो. शिवाय तिने कॅमेऱ्यात फोटोचा दर्जा 'रॉ'वर ठेवला होता. रॉ म्हणजे कच्ची फाइल. कॅमेऱ्याला जे जे दिसलं ते सगळं त्यात राहतं, मग मागाहून सावकाश कमीजास्त करता येतं. जेपेग तसं नाही. तिथे कॅमेरा स्वतःच फोटो तयार करून मोकळा होतो आणि उरलेलं फेकून देतो. त्यातही लहानातलं लहान जेपेग घेतलं, तर फेकलेलंच जास्त आणि ठेवलेलं कमी. बाबांचा ऐंशीचा फोटो, तो तिला चोख काढायचा होता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे सगळे म्हणाले की ती घरूनच ठरवून आली होती. तसं नव्हतं.

खोलीत खुर्च्या मांडण्याचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं. मधोमध बाबा. खिडकीच्या बाजूला आई, ताई, ताईचा नवरा आणि स्वतः मामा. मग त्यांचं लक्ष बबडीकडे गेलं. बबडी म्हणजे ताईची मुलगी, पंधरा वर्षांची, आजोबांच्या रंगावर गेलेली. ती ताईच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"ए बबडे, तू इथे कुठे? तिकडे जा, त्या बाजूला. निगी पण तिकडेच उभी राहील." मामांनी हात झटकला. "दोन्ही निगेटिव्ह एका बाजूला ठेवा रे, म्हणजे आमचा फोटो वाया जायला नको!"

घर हसलं. आई हसली. ताई तोंडावर हात धरून हसली, पण हसली. बाबा हसले, तसेच, सगळ्यांच्या आधी. आणि बबडीही हसली. मान जराशी खाली घालून, खांदे हलवून. हुबेहूब बाबांसारखी. हसता हसता ती निमूटपणे अंधाराच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

निगी कॅमेऱ्यामागे वाकलेली होती. तिने स्वतःवरचे असे विनोद आयुष्यभर गिळले होते, हाही गिळला असता. पण पोरीचं ते हसणं तिला गिळता येईना. अजून किती वर्षं ही अशी हसत बाजूला होणार? हिच्यानंतर कोण?

तिने हात लांब करून लावून ठेवलेला जास्तीचा दिवा बंद केला.

"का गं, बंद का केलास?" ताईने विचारलं.

"गरज नाही."

मग तिने फोटोचा दर्जा बदलला. रॉ काढून टाकलं आणि जेपेग लावलं, तेही सगळ्यात लहान. म्हणजे मागाहून कुणाला काही सावरायची सोयच नको. पुढे जाऊन बबडीच्या गालाजवळ मीटर धरून उजेड मोजला. त्या अंधारातल्या गालासाठी जेवढं एक्स्पोजर लागत होतं तेवढं सगळं दिलं, आणि खिडकीच्या बाजूच्या चार माणसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं.

"हसा," ती म्हणाली. टायमर लावून ती बबडीशेजारी जाऊन उभी राहिली. कॅमेऱ्याने तीन फोटो घेतले.

दुकानात येऊन तिने ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडले. बाबा असे आले होते, की बघत राहावं. कपाळाच्या आठ्या, हनुवटीवरची जुनी खूण, डोळ्यांतलं पाणी सुद्धा. बबडीचा चेहरा तर पिकल्या फळासारखा भरलेला, गालावर तांबूस झाक. निगीने स्वतःकडेही पाहिलं. जबडा आवळलेला, पण चेहरा होता. घरच्या फोटोत पहिल्यांदाच तिला चेहरा होता.

आणि पलीकडे? पलीकडे धुतलेल्या चादरी वाळत घातल्यासारखी चार माणसं. आईचं कुंकू हवेत लटकलेलं. ताईचे ओठ आणि दोन नाकपुड्या. मामांचा चष्मा आणि त्याच्या खाली मिशी, मधे काहीच नाही.

तिने त्यातला एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'छान आलाय.'

पहिला फोन मामांचा. "अगं, तुझा कॅमेरा बिघडला की काय?"

"कॅमेरा ठणठणीत आहे, मामा. त्याला जे नीट बघायला सांगितलं ते त्याने नीट बघितलं."

"पण आम्ही कुठे आहोत यात?"

"तुम्ही वाया गेलात," निगी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ताई. ताईचा आवाज चिरकला होता. "हे काय केलंस? माझा चेहरा कुठाय?"

"माझा कुठे होता इतकी वर्षं?"

"तू हे मुद्दाम केलंस! तुला येत नाही असं नाही!"

"येतं. फार चांगलं येतं. आणि तू काय केलंस गं? पोटच्या पोरीला सगळ्यांसमोर बाजूला केलं आणि तू हसलीस."

"मग काय करायचं? मामांशी भांडायचं, बाबांच्या वाढदिवसाला?"

"हो! भांडायचं!"

"कॉम्प्युटरवर दुरुस्त कर आणि परत पाठव."

"होत नाही. पांढरं जळून गेलं की त्यात काही उरत नाही. कच्ची फाइलच नाहीये."

ताईने फोन आपटला. निगीला वाटलं होतं, आपल्याला गार वाटेल. वाटलंही. ती संध्याकाळ तिने मोठ्या मजेत घालवली. एकटीच दुकानात बसून फोटो मोठा-लहान करत राहिली आणि मामांच्या मिशीवर मोठमोठ्याने हसली.

त्याच आठवड्यात बबडी दुकानात आली. पाठीला दप्तर, कपाळावर घाम. निगीला वाटलं, पोर गळ्यात पडणार. तिने खुर्ची पुढे ओढली. बबडी बसली नाही.

"मावशी, तो फोटो ग्रुपवरून काढ."

"का गं? किती सुंदर आलीयेस तू! असा फोटो तुझा कुणी काढलाय का आजवर?"

"मला विचारलं होतंस का?"

"त्यात काय विचारायचं? त्यांना एकदा कळायला हवं होतं..."

"काय कळलं त्यांना?" बबडीचा आवाज चढला. "मामाआजोबांनी माझी टिंगल एकदा केली होती. एका मिनिटात संपली असती. तुझ्यामुळे आठवडाभर चाललीय. आई रोज रडते आणि मला जवळ घेऊन सांगते, तू काही एवढी काळी नाहीस गं. आजीने मला मुद्दाम फोन केला, मनाला लावून घेऊ नकोस म्हणून. मामाआजोबा घरी येऊन सॉरी म्हणून गेले, सगळ्यांसमोर, आणि वर म्हणाले की रंगात काय आहे, हुशार आहेस ना! घरात दुसरा विषयच नाही. माझा रंग, माझा रंग, माझा रंग!"

निगीला रागच आला. "म्हणजे मीच वाईट? मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी नाही," बबडी म्हणाली. "तुझं भांडण आहे ना? मग तुझ्या तोंडाने भांड. मला कशाला मधे उभी केलीस?"

आणि ती गेली. दाराचा पडदा किती तरी वेळ हलत राहिला. निगीने कॅमेरा उचलला आणि खाली ठेवला. टेबलावर जोरात मूठ मारली. पलीकडून घड्याळजीने विचारलं, "मॅडम, काय पडलं?" ती म्हणाली, "काही नाही." मग तिने तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक आईबाबांचं घर गाठलं.

मामा तिथेच होते. दुपारी ते बाबांबरोबर पत्ते खेळायला यायचे. तिला बघून त्यांनी पत्ते छातीशी धरले. "ये निगी. झाला का राग शांत?"

"नाही झाला. माझं नाव काय आहे, मामा?"

"म्हणजे?"

"माझं नाव. दाखल्यावरचं. सांगा."

"हे बघ, आता इतक्या वर्षांनी..."

"सांगा म्हणते ना!"

आई आतून धावत आली. "अगं, हळू! शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! चार वर्षांची होते मी, आई. चार वर्षांच्या पोरीला तुझ्या भावाने सगळ्यांदेखत काळी म्हटलं आणि तुम्ही त्याचं नाव करून माझ्या कपाळी मारलंत. मी चाळिशी ओलांडली तरी तेच! तुम्हाला विनोद वाटतो. मला रोज कुणीतरी हाक मारली की कानफटात बसल्यासारखं वाटतं. रोज! आणि आता ते त्या पोरीला चिकटवताय. परत कुणी त्या नावाने हाक मारली, मला किंवा तिला, तर मी या घराची पायरी चढणार नाही."

मामांनी तिचं नाव घेतलं. मधल्या अक्षराला अडखळले, पण घेतलं. नजर पत्त्यांवर होती. "चूक झाली," ते म्हणाले. मग लगेच त्यांनी जोडलं, "पण माझ्या मनात तसं काही नव्हतं हं."

"मनात काय होतं ते तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "तोंडात काय होतं तेवढंच मला माहीत आहे."

मामा चपला घालून निघून गेले. आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत राहिली. खोलीत बाबा आणि ती, दोघंच उरले. बाबांनी पत्ते नीट जुळवून ठेवले. मग हळूच म्हणाले, "मला त्या फोटोची एक प्रत देशील? मोठी. मी फार चांगला आलोय त्यात. इतक्या वर्षांत मी कधी असा दिसलोच नाही कुठे."

तिला रडावं की ओरडावं कळेना. ती ओरडली. "तुम्ही का हसलात, बाबा? तेव्हाही, परवाही! सगळ्यांच्या आधी तुम्ही हसता!"

"लग्न झालं तेव्हापासून हे लोक माझ्यावरही तेच बोलायचे," बाबा म्हणाले. "आपणच आधी हसलो की दुसऱ्याच्या हसण्यातली धार जाते, असं वाटायचं. मला जमलं ते. तुलाही जमेल असं वाटलं."

"मला नाही जमलं. मला माझ्या बाजूने ओरडणारा बाप हवा होता."

"हो," बाबा म्हणाले. एवढंच. त्यांनी सबब सांगितली नाही, तिनेही ठीक आहे म्हटलं नाही. ती उठून आली.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या प्रतीसाठी फोटो मोठा करून बघितला. आणि तिथे तिचा राग तिच्याच अंगावर उलटला. लहानातलं लहान जेपेग! पोस्टकार्डाच्या वर गेलं की बाबांच्या कपाळाच्या आठ्यांचे चौकोन पडत होते, डोळे फुटत होते. मामांचा चेहरा सावरता येऊ नये म्हणून तिने जे केलं, त्यात बाबांचाही चेहरा अर्धा फेकला गेला होता. तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. काही उपयोग नव्हता. पोस्टकार्डाएवढी प्रत काढून ती बाबांना देऊन आली. ती त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली.

"मोठा हवा तर पुन्हा बसावं लागेल," ती म्हणाली.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आले. तिने रॉ लावलं, त्यांच्या गालावरचा उजेड मोजला, चकती एकेक खाच फिरवत एक्स्पोजर बसवलं. बाबांना कॅमेऱ्यासमोर काय करायचं ते एकच माहीत होतं. त्यांनी हसायला सुरुवात केली. ती काही बोलली नाही. नुसती थांबली. हसू ओसरेपर्यंत थांबली. मग समोर उरला तो एक थकलेला, थोडा ओशाळलेला म्हातारा माणूस, आणि तिने बटण दाबलं. फोटो भिंतीवर लागला. आई म्हणते, "यात ते किती गंभीर दिसतात!" बाबा म्हणतात, "असू दे."

मामा पत्ते खेळायला येतात, पण ती आली की त्यांना काहीतरी काम आठवतं. ताई बोलते, कामापुरतं. सगळ्या घराचा असा एकत्र फोटो पुन्हा निघाला नाही.

बबडी बरेच दिवस दुकानाकडे फिरकली नाही. मग एका दुपारी आली, बाहेर ऊन फार होतं म्हणून. पंख्याखाली पाय पसरून बसली, मावशीच्या डब्यातली केळी खाल्ली, शाळेतल्या कुठल्या तरी बाईंची नक्कल करून दाखवली. पडद्यामागच्या खिडकीतून उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर येत होता. मावशीचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.

"एक काढू?" तिने विचारलं.

"नको," बबडी म्हणाली आणि दुसरं केळं सोलायला घेतलं.

तिने हात मागे घेतला. जीव तुटत होता. "बरं," ती म्हणाली. "मग त्या बाई पुढे काय म्हणाल्या?"